आवडता नट आणि त्याची भूमिका

आजच्या भाषणाचा विषय तसा घरगुतीच आहे. रात्रीचीं जेवणें आटोपलीं, कीं मंडळी दिवाणखान्यांत किंवा ओसरीवर येऊन बसतात आणि बोलतां बोलतां गोष्ट नटांवर येते. कोणी म्हणतो, अशोक सराफांच्या तोडीचा विनोदी नट झाला नाहीं. कोणी लक्ष्मीकांत बेर्डे यांचा पक्ष घेतो. आजोबांना राजा परांजपे आठवतात, नातवाला कालच्या मालिकेंतील नायक. थोड्याच वेळांत आवाज चढतात, घरांत दोन तट पडतात आणि शेवटीं कोणी तरी वडीलधारें माणूस "ज्याची त्याची आवड" असें म्हणून वादावर पांघरूण घालतें.

आज मला हें पांघरूण थोडेंसें बाजूला सारावयाचें आहे. ज्याची त्याची आवड, हें खरेंच. परंतु आपल्याला नक्की काय आवडलें, हें आपण स्वतःला तरी विचारतों काय? नटाचें रूप आवडलें, कीं त्याचा आवाज? त्यानें केलेली भूमिका आवडली, कीं ती लिहिणाऱ्याचे शब्द? कीं त्या भूमिकेंतील पात्राचे सद्गुण आपण नटाच्या पदरांत टाकले आणि त्यालाच थोर मानूं लागलों? या प्रश्नांचा उलगडा केला नाहीं, तर पुष्कळ घोटाळे होतात. आणि ते ओसरीवरच राहत नाहींत. कोणाच्या तरी अन्नापर्यंत, अब्रूपर्यंत आणि प्रसंगीं मतपेटीपर्यंतही ते जाऊन पोहोंचतात. म्हणून या घरगुती विषयाचा आज थोडा गंभीरपणें विचार करूं.

नटांवरून तट पडणें ही आजची गोष्ट नव्हे. संगीत नाटकांच्या ऐन भरांत बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन थोर गायक-नटांचे चाहते एकमेकांशीं असेच हिरिरीनें वाद घालीत. एका पक्षाला बालगंधर्वांच्या गाण्यांतील मार्दव म्हणजे सर्वस्व वाटे; दुसऱ्याला केशवरावांच्या तानेपुढें सारें फिकें वाटे. अशा स्थितींत ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईंत टिळक स्वराज्य फंडाच्या साह्यार्थ 'मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव धैर्यधर. ज्यांच्या नांवानें रसिक भांडत होते, ते दोघे एकाच रंगमंचावर एकमेकांसमोर उभे राहून गायले. पुढें तीनच महिन्यांत, ऑक्टोबर १९२१ मध्यें, केशवराव ऐन एकतिसाव्या वर्षीं निवर्तले. त्या एका रात्रीनें रसिकांना एक गोष्ट शिकविली असावी, असें मला वाटतें: भामिनीचा तोरा धैर्यधराच्या बाणेदारपणावर आपटल्याविना शोभत नाहीं, आणि धैर्यधराचा बाणेदारपणाही भामिनीच्या तोऱ्यावांचून दिसत नाहीं. एकाला थोर ठरविण्यासाठीं दुसऱ्याला हलका ठरवावें लागतें, ही समजूत नाटकाच्या जातीलाच मानवणारी नाहीं.

याच 'मानापमान' नाटकाची आणखी एक हकीगत महाराष्ट्राच्या परिचयाची आहे. १२ मार्च १९११ रोजीं त्याचा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशीं बालगंधर्वांची कन्या वारली. तरीही प्रयोग झाला. प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढें होती ती श्रीमंतीच्या तोऱ्यांत वावरणारी भामिनी. तिच्या शालूआड उभा होता तो मुलीच्या दुःखानें पोळलेला पिता, नारायण श्रीपाद राजहंस. नट आणि भूमिका ह्या दोन वस्तु आहेत, हें सांगण्यास याहून कठोर उदाहरण मला ठाऊक नाहीं.

आतां चित्रपटाकडे वळूं. नाटकांत नट आपल्यापासून कांहीं हात दूर असतो. तोंडाला रंग असतो, मागें पडदा असतो, आणि हा खेळ आहे याची आठवण प्रत्येक अंकाच्या शेवटीं होते. चित्रपटांत त्याचा चेहरा भिंतीएवढा मोठा होऊन आपल्यापुढें येतो. डोळ्यांतील पाणी दिसतें, ओंठांची थरथर दिसते. या जवळिकीमुळें नट आणि पात्र यांच्यामधली भिंत पातळ होते.

१९३६ सालीं प्रभात फिल्म कंपनीनें 'संत तुकाराम' हा चित्रपट काढला. दामले आणि फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक. तुकोबांची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस हे पूर्वीं रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत असत. त्यांच्या चेहऱ्यावरील निर्व्याज भाव पाहून लोक इतके वेडावले, कीं त्यांच्या ठिकाणीं प्रत्यक्ष तुकोबांनाच पाहूं लागले. १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत या चित्रपटाचा गौरव झाला. पुढें 'संत तुलसीदास', 'नरसी भगत' अशा संतांच्याच भूमिका पागनिसांकडे आल्या. हें भाग्य खरें. पण याला दुसरीही बाजू आहे. ज्या नटानें एका जन्मांत स्त्रीवेशही साजरा केला, त्याच्या अंगीं आणखी किती रूपें असतील? प्रेक्षकांच्या भक्तीनें त्यांतील एकच रूप पसंत केलें. आवड ही अशी कधीं कधीं सोन्याची बेडी होऊन बसते.

आणि त्याच चित्रपटांतील जिजाईचें काय? गौरी या नटीनें ती उभी केली आहे. पोराबाळांच्या पोटासाठीं तळमळणारी, विठोबावर संतापणारी, आणि तरीही नवऱ्यावर जीव टाकणारी ती रोखठोक बाई नसती, तर तुकोबांचें वैराग्य आपल्याला इतकें स्पष्ट दिसलें असतें काय? आपण 'संत तुकाराम' म्हटलें कीं पागनिसांचें नांव घेतों. गौरीचें नांव सांगणारे शेंकड्यांत किती निघतील, हें श्रोत्यांनीं आपल्या घरींच विचारून पाहावें.

पागनिसांच्या नंतर पन्नास वर्षांनीं हाच प्रकार देशभर आणि कितीतरी मोठ्या प्रमाणांत घडला. २५ जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका रविवारीं सकाळीं सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत चालली. आमच्या भागांत त्या काळीं दूरचित्रवाणीचे संच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. ज्याच्या घरीं संच, त्याचें अंगण रविवारीं देवळासारखें भरे. संचाला हार घालणारे आणि उदबत्ती लावणारेही होते. अरुण गोविल म्हणजे राम, दीपिका चिखलिया म्हणजे सीता, अरविंद त्रिवेदी म्हणजे रावण, असें समीकरण घराघरांत ठरून गेलें. २०२० सालीं टाळेबंदीच्या दिवसांत तीच मालिका पुन्हां दाखविली, तेव्हां ज्यांनीं ती बालपणीं पाहिली होती ते आपल्या मुलांना घेऊन बसले.

याचा पुढचा अध्याय मोठा मौजेचा आहे. १९९१ सालीं दीपिका चिखलिया बडोद्याहून आणि अरविंद त्रिवेदी साबरकांठ्याहून लोकसभेवर निवडून आले. म्हणजे सीता आणि रावण एकाच सभागृहांत बसले! 'महाभारत' मालिकेंतील श्रीकृष्ण, नितीश भारद्वाज, १९९६ सालीं जमशेदपूरहून निवडून आले. अरुण गोविल हे २०२४ सालीं मेरठहून खासदार झाले. आपल्या महाराष्ट्रांत शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज या दोन्ही भूमिका मालिकांतून गाजविणारे डॉ. अमोल कोल्हे २०१९ व २०२४ अशा दोन्ही वेळां शिरूरहून निवडून आले. हे सर्वजण केवळ भूमिकेच्या पुण्याईवर निवडून आले, असें म्हणणें त्यांच्यावर आणि मतदारांवर दोहोंवरही अन्यायाचें होईल. प्रत्येकामागें पक्ष होता, प्रचार होता, त्यांचे स्वतःचे गुणही असतील. लोकप्रतिनिधि होण्याचा नटाला इतर नागरिकांइतकाच हक्क आहे. माझें म्हणणें एवढेंच, कीं मत देणाऱ्यानें उमेदवाराची परीक्षा उमेदवार म्हणून करावी. राम झालेल्या नटाला आपोआप रामाचे गुण येत नाहींत, आणि रावण झालेल्याला आपोआप रावणाचे दोषही चिकटत नाहींत. नवलाची गोष्ट ही, कीं मतदारांनीं रावणालाही निवडून दिलें, म्हणजे निदान त्या मतदारसंघांत तरी दुसरें अर्धें सत्य लोकांना कळलें होतें!

परंतु सर्वच खलनायकांच्या वांट्याला असें भाग्य येत नाहीं. येथें नीलू फुले यांची आठवण होणें अपरिहार्य आहे. 'एक गाव बारा भानगडी' या १९६८ सालच्या चित्रपटानें ते पडद्यावर आले आणि पुढें मराठी चित्रपटांतील पाटील, सरपंच, साखर-कारखान्याचा अध्यक्ष म्हणजे नीलू फुले, असें होऊन बसलें. ती तिरकी नजर, तो खर्जांतला आवाज, ओठांतल्या ओठांत मुरलेलें कपट! खेड्यांतील बायका त्यांना प्रत्यक्ष पाहून अंग चोरीत, असें सांगतात. आतां हा गृहस्थ प्रत्यक्षांत कोण होता? राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत वाढलेला कार्यकर्ता, अंधश्रद्धा-निर्मूलनाच्या चळवळीचा पाठीराखा. सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन मिळावें म्हणून जो सामाजिक कृतज्ञता निधि उभा राहिला, त्यासाठीं डॉ. श्रीराम लागू यांच्यासह 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून त्यांनीं पैसा जमविला. पडद्यावर ज्यानें गरिबांना लुबाडलें, तोच माणूस पडद्याबाहेर गरिबांसाठीं झोळी फिरवीत होता.

नीलू फुले यांच्यावर लोकांचा जो राग होता, तो एका अर्थीं त्यांच्या अभिनयाला मिळालेला सर्वांत मोठा पुरस्कार होता, असें पुष्कळदां म्हटलें जातें. तें खरें आहे. पण तेवढ्यावर थांबूं नये. कारण ज्यांनीं 'सामना' पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे, कीं त्यांतील हिंदूराव धोंडे-पाटील हा केवळ दुष्ट मनुष्य नाहीं. तो कर्तबगार आहे, मिस्किल आहे, आणि डॉ. लागूंनीं उभ्या केलेल्या त्या फाटक्या मास्तरापुढें आंतून हादरणाराही आहे. विजय तेंडुलकरांची लेखणी, डॉ. जब्बार पटेलांचें दिग्दर्शन आणि समोर लागूंसारखा नट, असा हा मेळ होता. १९७५ सालीं तो चित्रपट बर्लिनच्या महोत्सवांत गेला. आणि १९७९ च्या 'सिंहासन' मध्यें तेच नीलू फुले दिगू टिपणीस नांवाचे पत्रकार झाले. सत्तेचा सारा बाजार उघड्या डोळ्यांनीं पाहणारा एक हताश साक्षीदार. ज्याला फक्त त्यांचा बेरकी पाटील आवडतो किंवा खुपतो, त्यानें अर्धेच नीलू फुले पाहिले, असें म्हणावें लागेल.

ललिता पवार यांचीही कथा अशीच आहे. त्या म्हणजे खाष्ट सासू, कजाग बाई, 'रामायणां'तील मंथरा, असें समीकरण झालें. पण १९५९ च्या 'अनाडी' या हिंदी चित्रपटांत त्यांनीं केलेली घरमालकीण, मिसेस डिसा, पाहावी. वरून फणसासारखी कांटेरी आणि आंत गऱ्यासारखी गोड. त्या भूमिकेबद्दल त्यांना फिल्मफेअरचें पारितोषिक मिळालें. तोच चेहरा, तोच आवाज. पण एका ठिकाणीं अंगावर शहारे येतात आणि दुसऱ्या ठिकाणीं आईची आठवण येते. याला अभिनय म्हणतात.

आतां एक भूमिका आणि अनेक नट असा प्रसंग घेऊं. कारण आवडीच्या वादाला खरा रंग येथेंच चढतो. वि. वा. शिरवाडकर यांचें 'नटसम्राट' डिसेंबर १९७० मध्यें रंगभूमीवर आलें. त्यांतील गणपतराव बेलवलकर डॉ. श्रीराम लागू यांनीं प्रथम साकारला. पुढें दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा समर्थ नटांनीं ती भूमिका केली. १ जानेवारी २०१६ रोजीं महेश मांजरेकर यांनीं दिग्दर्शित केलेला चित्रपट आला आणि त्यांत नाना पाटेकर गणपतराव झाले. तेव्हांपासून कोठेंही चार माणसें जमलीं, कीं "लागू श्रेष्ठ कीं नाना?" हा प्रश्न निघतो.

या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं थोडें थांबावें. नाट्यगृहांत शेवटच्या रांगेंतील प्रेक्षकालाही ऐकूं जाईल, असा स्वर नटाला लावावा लागतो. देहबोली मोठी ठेवावी लागते. आणि तीन अंकांचें ओझें एका दमांत, एका रात्रींत वाहून न्यावें लागतें. चित्रपटांत पुटपुटलेलें वाक्यही पुरतें. पण तुकड्यातुकड्यांनीं, कधीं शेवट आधीं आणि आरंभ नंतर, अशा क्रमानें काम करून भावना अखंड ठेवावी लागते. ही दोन निरनिराळ्या जातींची कसरत आहे. कुस्तीगिराची आणि पोहणाऱ्याची तुलना करून श्रेष्ठ कोण हें ठरवूं नये. त्यापेक्षां असें विचारावें, कीं लागूंच्या गणपतरावांत काय दिसलें आणि नानांच्या गणपतरावांत काय दिसलें. एका गणपतरावांत कोसळणारा डोंगर दिसेल. दुसऱ्यांत चिडखोर, हळवा, शेजारच्या घरांत भेटेल असा म्हातारा दिसेल. शिरवाडकरांनीं लिहिलेल्या माणसांत हे दोघेही सामावलेले आहेत, हें त्या लेखकाचें मोठेपण. मग वाद जिंकण्याची घाई उरत नाहीं. दोन्ही पाहिल्याचा लाभ मात्र उरतो.

श्रोतेहो, आतांपर्यंत मीं मुंबई-पुण्याच्या नटांविषयीं बोललों. आतां थोडें माझ्या परिसराविषयीं. मी गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेस, अर्जुनी मोरगांव तालुक्यांत, इटियाडोह धरणाच्या आसपास राहतों. गाढवी नदीवरचें हें धरण. त्याच्या पाण्यावर आमच्याकडची धानाची शेती पिकते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या या झाडाझुडपांच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. आमच्याकडे दिवाळी झाली, धान कापणीला आला, कीं गांवोगांव मंडई भरते, कोठें शंकरपट होतो, आणि त्या निमित्तानें रात्रीं नाटक असतें. दंडार, खडी गंमत अशा जुन्या लोककलांच्या कुशींत वाढलेली ही झाडीपट्टीची रंगभूमि. गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावरील वडसा हें तिचें मुख्य ठाणें. हंगामांत तेथील नाट्यमंडळ्या रोज नव्या गांवीं जातात. नाटक रात्रीं नऊ-दहाला सुरू होतें आणि पहांटे कोंबडा आरवेपर्यंत चालतें. पक्कें नाट्यगृह नाहीं. मोकळ्या शेतांत तंबू ठोकून, थंडींत कांबळीं-घोंगड्या पांघरून हजारों माणसें बसतात. ज्या नाटकासाठीं शहरांत जाहिराती करून प्रेक्षक गोळा करावे लागतात, त्यासाठीं आमच्याकडे पंचक्रोशींतील पाहुणे लेकीसुनांसह मुक्कामाला येतात.

या रंगभूमीवरचे एक ज्येष्ठ नट, गडचिरोली जिल्ह्यांतील परशुराम खुणे यांना २०२३ सालीं भारत सरकारनें पद्मश्री दिली. पांच हजारांहून अधिक प्रयोग आणि सुमारें आठशें भूमिका असा त्यांच्या कामाचा हिशेब त्या वेळीं प्रसिद्ध झाला. आठशें भूमिका! आपण ज्यांच्या नांवानें वाद घालतों, त्यांतील किती नटांच्या वांट्याला इतकीं माणसें जगणें आलें असेल?

अलीकडे मुंबईच्या चित्रपटांतील आणि मालिकांतील नटही हंगामांत झाडीपट्टींत येऊन काम करतात. त्यांचें नांव फलकावर मोठ्या अक्षरांत असतें आणि त्यानें तिकिटें खपतात. यांत वावगें कांहीं नाहीं. पाहुण्यांचें स्वागत झालेंच पाहिजे. परंतु खेळ संपल्यावर पाहुण्या नटाभोंवतीं छायाचित्र काढून घेणाऱ्यांची झुंबड उडते, आणि ज्यानें रात्रभर नाटक खांद्यावर वाहिलें, तो स्थानिक नट एका बाजूला तोंडाचा रंग पुसत बसलेला असतो. प्रेक्षकांना त्याचें पात्र पाठ असतें. दुसऱ्या दिवशीं चावडीवर त्याच्या संवादांची नक्कल होते. फक्त त्याचें नांव कोणी विचारीत नाहीं.

याहूनही जड वाटणारी एक गोष्ट सांगतों. माझ्या नोकरीच्या काळांत एका गांवच्या शाळेंत माझ्या वर्गांत एक मुलगी होती. तिची आई हंगामांत नाटकांतून काम करी. तिच्याकडे बहुधा नाचणारणीची किंवा दुसऱ्याचा संसार मोडणाऱ्या बाईची भूमिका येई, आणि ती ते काम फार चांगलें करी. मंडईच्या रात्रीं ज्या घरच्या पुरुषांनीं तिला टाळ्या आणि बक्षिसें दिलीं, ज्या घरच्या स्त्रिया तिचा प्रवेश पाहण्यासाठीं जाग्या राहिल्या, त्याच घरच्या मुली दुसऱ्या दिवसापासून या मुलीच्या बांकावर बसेनात. आईला गांवांत भाड्यानें खोली मिळणेंही दुरापास्त झालें. एके दिवशीं मधल्या सुट्टींत ती मुलगी माझ्यापाशीं आली आणि म्हणाली, "गुरुजी, माझी माय नाटकांत वाईट वागते, म्हणून लोक रागावतात. नाटकांत ती चांगली वागली, तर लोक तिला चांगलें म्हणतील काय?"

त्या पोरीच्या प्रश्नांत सारें आलें. ज्या प्रेक्षकाला नट आणि भूमिका यांतला भेद कळत नाहीं, तो रामाला हार घालतो आणि नाचणारणीच्या मुलीला बांकावरून उठवतो. हार आणि बहिष्कार हीं एकाच अज्ञानाचीं दोन फळें आहेत. पहिल्याचें आपल्याला कौतुक वाटतें आणि दुसऱ्याची आपण दखलही घेत नाहीं, एवढेंच.

शिक्षकाच्या हातीं जेवढें असतें तेवढें मीं केलें. त्या वर्षीं स्नेहसंमेलनांत रामायणांतील एक छोटा प्रवेश बसविला आणि कोणाला कोणती भूमिका द्यावयाची, तें चिठ्ठ्या टाकून ठरविलें. गांवांतील एका प्रतिष्ठित घरच्या मुलीला कैकेयीची चिठ्ठी आली. तिनें ती भूमिका इतकी तन्मयतेनें केली, कीं लहान मुलें तिच्यावर खरोखरच रुसलीं. दुसऱ्या दिवशीं वर्गांत मीं विचारलें, "काल जिनें रामाला वनांत धाडलें, तिच्या शेजारीं आज बसावयाचें कीं नाहीं?" मुलें हंसलीं. मग हळूंहळूं हंसूं थांबलें. मीं आणखी कांहीं बोललों नाहीं. दोन-तीन दिवसांनीं त्या मुलीच्या बांकावरची जागा भरली. तिच्या आईची खोलीची अडचण मात्र पुढच्या हंगामांतही तशीच राहिली. कारण मोठ्या माणसांसाठीं चिठ्ठ्या टाकण्याची सोय नव्हती.

तात्पर्य काय? नटांविषयीं वाद घालूं नये, असें माझें मुळींच म्हणणें नाहीं. उलट, ज्या घरांत नाटक-चित्रपटांवर मोकळेपणानें बोललें जातें, त्या घरांतील मुलांना माणसांचे स्वभाव लौकर कळूं लागतात, असा माझा अनुभव आहे. फक्त तो वाद कांहीं पथ्यें पाळून व्हावा.

पहिलें पथ्य असें, कीं "मला अमुक नट आवडतो" एवढ्यावर न थांबतां "अमुक भूमिकेंत, अमुक प्रसंगीं, त्यानें अमुक केलें तें आवडलें" असें सांगावें. कागदावर जे शब्द होते, त्यांत नटानें स्वतःचें काय घातलें, हें शोधावें. एखादें थांबणें, एखादी नजर, पाठमोरें उभें राहणें. अभिनय पुष्कळदां अशा लहान जागीं असतो. मुलांना हें शोधावयास लावलें, तर तीं आपल्याहून तल्लख निघतात.

दुसरें पथ्य हें, कीं आवडत्या नटाची किमान एक अगदीं निराळी भूमिका पाहिल्यावांचून त्याच्याविषयीं निकाल देऊं नये. ज्यानें नीलू फुले यांचा पाटील पाहिला, त्यानें दिगू टिपणीसही पाहावा. ज्यानें मंथरा पाहिली, त्यानें मिसेस डिसाही पाहावी.

तिसरें पथ्य हें, कीं समोरच्या नटाला विसरूं नये. भामिनीपुढें धैर्यधर, तुकोबांपुढें जिजाई, हिंदूरावापुढें मास्तर. आपल्याला आवडलेला प्रसंग दुसऱ्या कोणाच्या आधारावर उभा राहिला, त्याचेंही नांव घ्यावें.

आणि चौथें पथ्य सर्वांत महत्त्वाचें: पडदा पडल्यावर भूमिका तेथेंच ठेवावी आणि माणसाला माणूस म्हणून भेटावें. त्याला देव करूं नये आणि दुष्टही करूं नये. तो आपल्यासारखाच घरभाडें देणारा, मुलांच्या शिक्षणाची काळजी वाहणारा गृहस्थ असतो. ती आपल्यासारखीच संसार करणारी बाई असते. त्यांनीं आपल्याला चार घटका हंसविलें, रडविलें, विचार करावयास लावलें, याबद्दल त्यांचे आभार मानावे. मात्र त्यांच्या चारित्र्याचा निवाडा नाटककाराच्या वहींतून करूं नये.

शहरांतील श्रोत्यांना माझी एक विनंती आहे. दिवाळीनंतर कधीं झाडीपट्टीच्या बाजूला येणें झालें, तर इटियाडोहाचें पाणी आणि नवेगांवबांधचें अरण्य पाहून परतूं नका. एक रात्र मुक्काम करा आणि एखाद्या गांवच्या मंडईचें नाटक पाहा. प्रयोग लांबेल, थंडी वाजेल, पेटीचा सूर कदाचित् तुमच्या कानाला कर्कश वाटेल. पण पहांटे निघण्यापूर्वीं रंगमंचाच्या मागें जा, आणि जें काम तुम्हांला आवडलें असेल तें करणाऱ्या नटाला किंवा नटीला नांव विचारा. मग घरीं गेल्यावर ओसरीवर वाद रंगेल, तेव्हां त्या यादींत तेंही एक नांव घालतां येईल.